उंदराची मान आणि आपले पहिले शील

स्मरणिकेत शाळेच्या आठवणी असाव्यात, गुरुजनांचे ऋण व्यक्त व्हावे, संस्थेच्या वाटचालीचा आढावा यावा, असा संकेत आहे आणि तो योग्यच आहे. आम्ही मात्र येथे एक निराळा, काहींना विचित्रही वाटेल असा विषय घेत आहोत. प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदराला मारताना त्याला वेदना होत नाहीत असे सांगितले जाते. ते खरे आहे काय, हे कोणी तपासले, आणि क्ष-किरणांच्या साहाय्याने ते तपासता येते काय, हा तो विषय.

तो आपल्यापासून दूरचा नाही. अर्जुनी मोरगावच्या धानपट्ट्यातून शिकून बाहेर पडलेली मुले-मुली आज औषधनिर्माणशास्त्र, जीवतंत्रज्ञान, पशुवैद्यक, परिचर्या अशा शाखांत आहेत. वसतिगृहात त्यांनी वर्षानुवर्षे त्रिसरण-पंचशील ग्रहण केले आहे, आणि पंचशीलातील पहिले शील प्राणिहत्येपासून अलिप्त राहण्याचे आहे. पुढे नागपूर, पुणे, हैदराबाद अशा ठिकाणी संशोधनाच्या कामाला लागल्यावर त्यांच्यापैकी काहींच्या हाती पांढरा उंदीर येतो आणि प्रयोग संपल्यावर त्याला मारण्याचे कामही येते. तेव्हा दोन उत्तरे तयार असतात. एक म्हणते, हे विज्ञान आहे, शील घरी ठेवा. दुसरे म्हणते, शील पाळायचे असेल तर हे क्षेत्र सोडा. ही दोन्ही उत्तरे आम्हांला आळसाची वाटतात. दोन्हींत विचार करण्याचे श्रम वाचतात, एवढेच त्यांचे साम्य.

प्रथम गरजेचा विचार करू. विदर्भात सिकलसेल हा आजार काय आहे हे या स्मरणिकेच्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत असे कुटुंब विरळाच, ज्याच्या नात्यागोत्यात पिवळे किंवा लाल कार्ड नाही. हातापायांची ठणक, वारंवार येणारा ताप, कावीळ, रक्त चढवण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी होणाऱ्या खेपा, लग्न जुळवताना लपवले जाणारे तपासणीचे कागद, हे सारे आपल्या घरातले आहे. मध्य भारतात हा दोष आढळतो असे शुक्ला आणि सोळंकी यांनी 1958 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे संशोधकांना एक अडचण होती : उंदराला हा आजार होत नाही. 1997 मध्ये अमेरिकेतील दोन संशोधक गटांनी उंदराची स्वतःची हिमोग्लोबिनची जनुके निकामी करून त्यांच्या जागी माणसाची सदोष जनुके घातली. त्या उंदरांच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकू लागल्या. त्यांना पंडुरोग झाला, त्यांची प्लीहा वाढली. म्हणजे आपल्या घरातले दुखणे त्यांना जन्मतः दिले गेले. 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत ज्या जनुकदुरुस्तीच्या उपचाराला मान्यता मिळाली, त्यासाठी दुरुस्त केलेल्या मानवी पेशीही आधी उंदरांच्या अस्थिमज्जेत रुजवून पाहिल्या गेल्या. तो उपचार आज आपल्या आवाक्यात नाही. त्याची किंमत ऐकूनच छाती दडपते. पण उद्या तो आपल्या लेकरांपर्यंत पोचला, तर त्या मार्गावर कित्येक उंदरांचे प्राण गेलेले असतील, हे विसरून चालणार नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेचे जे विवेचन केले आहे, ते येथे आधाराला येते. तथागतांनी तत्त्व आणि नियम यांत भेद केला, आणि अहिंसा हा जखडून टाकणारा नियम नसून जीवनाचे तत्त्व आहे, असे बाबासाहेब मांडतात. मारण्याची इच्छा आणि मारण्याची आवश्यकता या दोन गोष्टी ते वेगळ्या करतात. या भेदाचा आधार आपल्याकडे फार सैलपणे घेतला जातो, अशी आमची तक्रार आहे. आवश्यकता सिद्ध झाली की विषय मिटला, असे मानण्याची सवय पडली आहे. आमच्या मते विषय तेथून सुरू होतो. नियम मोडला की पाळला एवढेच पाहावे लागते; तत्त्व मात्र प्रत्येक पावलाला विचारते की, आवश्यकतेपेक्षा अधिक काय केले? मारणे आवश्यक होते हे मान्य. तळमळत मारणे आवश्यक होते काय?

आता प्रत्यक्ष रीतीकडे येऊ. वीस-तीस ग्रॅम वजनाच्या या जीवाला मारण्याच्या ज्या पद्धती जगभर मान्य आहेत, त्यांत मानेचे मणके निखळवणे ही एक जुनी आणि सर्वत्र चालणारी पद्धत आहे. उंदराला सपाट जागी ठेवून डोक्याच्या मागे दाब द्यायचा आणि शेपटीच्या बुडाशी धरून झटका द्यायचा. औषध लागत नाही, यंत्र लागत नाही, आणि रक्तात वा अवयवांत रसायन मिसळून प्रयोगाचे निष्कर्ष बिघडण्याची भीती नाही, म्हणून संशोधकांना ती सोयीची. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या तज्ज्ञमंडळाने 1972 मध्ये उंदरांसाठी तिला मान्यता दिली. तेव्हापासून शिकवणारा शिकणाऱ्याला एकच वाक्य सांगत आला : एका क्षणात होते, त्याला काही कळत नाही.

हे वाक्य पारखण्याचा नेटका प्रयत्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील पशुवैद्य लॅरी कार्बोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी आधी उंदरांना भूल दिली. ही गोष्ट महत्त्वाची, कारण चूक झालीच तर तिची वेदना उंदराला भोगावी लागू नये, ही काळजी प्रयोगाच्या रचनेतच होती. मग 81 उंदरांच्या माना तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी निखळवल्या आणि श्वास थांबतो की नाही हे पाहिले. 64 उंदरांचा श्वास थांबला. 17 उंदीर श्वास घेत राहिले. शंभरात एकवीस. जे एका क्षणात होते म्हणून चाळीस वर्षे शिकवले गेले, ते दर पाचांतील एका उंदराच्या बाबतीत झालेच नव्हते.

असे का व्हावे, हे शरीररचनेवरून समजते. माणसाच्या मानेत सात मणके असतात, जिराफाच्या लांब मानेत सातच असतात, आणि उंदराच्या बोटाच्या पेराहून आखूड मानेतही सातच. श्वास घेण्याची आज्ञा मेंदूच्या बुडातून निघते, मज्जारज्जूतून खाली उतरते आणि मानेच्या मधल्या भागातून बाहेर पडणाऱ्या नसांवाटे श्वासपटलाला पोचते. घाव कवटीच्या अगदी लगत, मानेच्या वरच्या टोकाला बसला, तर आज्ञा वाटेतच तुटते. तो थोडा खाली सरकला, तर पाय लुळे पडतात, शरीर निपचित दिसते, पाहणाऱ्याला वाटते की संपले. परंतु श्वास चालू असतो. याच संशोधकांनी भूल दिलेल्या 18 उंदरांचे मणके मुद्दाम छातीच्या भागात निखळवून पाहिले. त्यांपैकी एकाचाही श्वास थांबला नाही. हलत नाही म्हणजे मेला, हा समज किती घातक आहे हे यावरून कळावे. या सगळ्या विवेचनातील सर्वांत भयंकर वस्तुस्थिती आम्हांला हीच वाटते : भूल दिलेली नसती, तर तो न हलणारा उंदीर जाणीव असलेला उंदीर ठरला असता.

मग क्ष-किरणांचा उपयोग काय? मृत्यूनंतर प्रत्येक उंदराचे एक्स-रे काढून पाहावे; मणका योग्य जागी निखळला असेल तर काम नीट झाले, नसेल तर करणाऱ्याला पुन्हा शिकवावे, अशी गुणवत्ता-तपासणी बसवता येईल काय, हाही त्या अभ्यासातला एक प्रश्न होता. कल्पना आकर्षक आहे. आपल्या भागात तर ‘फोटो काढला’ म्हटल्याशिवाय रुग्णाचे आणि नातेवाइकांचे समाधान होत नाही. काळ्या फिल्मवर पांढरी हाडे दिसली की सत्य हाती आल्यासारखे वाटते. या उंदरांच्या चित्रांनी मात्र वेगळेच सांगितले. यशस्वी ठरलेल्या 64 पैकी 63 उंदरांत कवटीलगत किंवा मानेच्या वरच्या भागात इजा दिसली, येथपर्यंत ठीक. पण अयशस्वी ठरलेल्या 17 पैकी 5 उंदरांच्या मानेतही इजा दिसत होती, आणि तरी ते श्वास घेत होते. शिवाय नीट मेलेल्यांपैकी 50 उंदरांच्या पाठीच्या किंवा कमरेच्या मणक्यांतही इजा आढळल्या. म्हणजे जो झटका मानेसाठी होता, तो साऱ्या कण्यातून फिरला होता. अखेरीस संशोधकांनी स्पष्ट लिहिले की, अशा तपासणीसाठी मृत्यूनंतरच्या एक्स-रेकडून फारशी आशा नाही.

कारण सरळ आहे. क्ष-किरण हाडे दाखवतात. मज्जारज्जू तुटला की केवळ दबला, हे साध्या एक्स-रेत दिसत नाही. आणि दिसले असते तरी ते चित्र नंतरचे असते. ज्या काही क्षणांत वेदना झाली किंवा झाली नाही, ते क्षण कोणत्याही फिल्मवर उमटत नाहीत. त्यांचा साक्षीदार एकच : तेथे उभा राहून उंदराच्या छातीची हालचाल पाहणारा माणूस. म्हणून त्या अभ्यासाचा खरा निष्कर्ष यंत्रासंबंधी नाही, हातासंबंधी आहे. हे कौशल्य शिकवायचे आणि पारखायचे असेल, तर भूल दिलेल्या उंदरांवर शिकवणे मोलाचे ठरेल, असे त्यांनी म्हटले आहे.

येथे कोणी म्हणेल, एवढा खटाटोप करण्यापेक्षा वायू वापरावा. कार्बन डायऑक्साइडच्या पेटीत उंदीर झोपी जातात असे सांगितले जाते. तेही वाक्य तितकेसे निर्दोष नाही. हा वायू ओलसर पडद्यांना लागला की आम्ल तयार होते, आणि उंदरांना तो नकोसा असतो; वाट मोकळी असेल तर ते त्यातून बाहेर पडतात. म्हणूनच पेटीत वायू किती वेगाने सोडावा याची मर्यादा अमेरिकन पशुवैद्यक संघटनेला घालून द्यावी लागली, आणि 2020 च्या आवृत्तीत ती बदलावी लागली. निर्दोष पद्धत सापडली आहे आणि आता विचार करण्याचे कारण उरले नाही, असा दिवस आलेला नाही.

आपल्या देशाचा कायदा या बाबतीत, कागदावर तरी, पुष्कळांपेक्षा बरा आहे. विख्यात नर्तकी आणि राज्यसभेच्या सदस्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी संसदेत हा विषय लावून धरला. त्यातून प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा अधिनियम झाला. त्याच्या व्याख्येत माणूस सोडून प्रत्येक सजीव प्राणी येतो, उंदीरही येतो. अमेरिकेच्या प्राणिकल्याण कायद्याने मात्र संशोधनासाठी पैदास केलेल्या उंदरांना 2002 च्या दुरुस्तीने ‘प्राणी’ या शब्दातून वगळले आहे. ज्या देशात उंदराच्या मानेचा इतका बारीक अभ्यास झाला, त्याच देशाच्या त्या कायद्याच्या दृष्टीने तो उंदीर प्राणी नाही, ही विसंगती नोंदवून पुढे जाऊ. आपल्या अधिनियमाच्या कलम 17 मध्ये आणखी एक अपेक्षा आहे : केवळ हाताचे कौशल्य मिळवण्यासाठी शक्यतो प्राण्यांवर प्रयोग करू नयेत. वरवर पाहता ही अपेक्षा आणि भूल देऊन सराव करण्याची शिफारस यांत विरोध दिसतो. आमच्या समजुतीप्रमाणे तो सुटण्यासारखा आहे. सरावाला आधी मेलेले उंदीर घ्यावेत. नंतर ज्यांचा प्रयोग संपला आहे आणि ज्यांना त्या दिवशी मारायचेच आहे, अशांना भूल देऊन घ्यावे. सरावासाठी म्हणून एकही उंदीर वाढवू नये.

याच कायद्याच्या आधारे प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत एक नीतिसमिती असावी लागते, आणि तिच्यात शास्त्रज्ञ व पशुवैद्य यांच्या जोडीला विज्ञानक्षेत्राबाहेरील, सामाजिक भान असलेला एक सदस्य असतो. पुष्कळ वाचकांना हे ठाऊक नसेल. समाजातील निवृत्त शिक्षक, वकील, कार्यकर्ते यांनी अशा समित्यांवर जाण्याची तयारी ठेवावी, असे आम्ही आग्रहाने सुचवतो. तेथे बसून सही करणे सोपे आहे. पण ‘मान निखळवणाऱ्याने हे कोठे शिकले, आणि गेल्या वर्षी किती वेळा ते फसले?’ हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही.

फसलेल्यांची संख्या सांगणे, हा आम्हांला या साऱ्या प्रकरणाचा गाभा वाटतो. आपल्या स्थानकावरून बल्लारशाच्या गाडीत बसले की वडसा, ब्रह्मपुरी मागे टाकून गाडी नागभीडला येते. त्या तालुक्यातील देवटेक येथे एक शिलालेख सापडला. तो नागपूरच्या संग्रहालयात नेण्यात आला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचे वाचन करून तो अशोककालीन असल्याचे मत मांडले. प्राण्यांना पकडणे आणि मारणे यांना मनाई करणारी ती राजाज्ञा आहे. म्हणजे या झाडीपट्टीत हा विषय बावीस शतकांपूर्वीच दगडावर येऊन बसला आहे. त्याच अशोकाच्या पहिल्या शिलालेखाकडे पाहावे. राजाच्या पाकशाळेत पूर्वी रोज लाखो प्राणी मारले जात, आता तीनच मारले जातात, दोन मोर आणि एक हरिण, हरिणही नेहमी नाही, आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असा त्याचा आशय आहे. आपण अहिंसक झालो अशी घोषणा सम्राटाला सहज करता आली असती. त्याने उरलेले तीन मोजून दगडावर कोरले. 81 मधील 17 छापून सांगणारे संशोधक आम्हांला त्याच परंपरेतले वाटतात, त्यांनी बुद्धाचे नाव घेतलेले नसले तरी. या आणि पाहा, असे सांगणारा हा धम्म आहे. चाळीस वर्षे कोणी पाहिलेच नाही, हा दोष त्या पद्धतीइतकाच पाहण्याच्या कंटाळ्याचा.

एक आक्षेप मात्र टाळता येणार नाही, कारण तो आपल्याच पालकांकडून येतो. धानाच्या बांध्यांत उंदीर बिळे करतात, लोंब्या तोडून आत नेतात. कोठारात पोत्यांची चाळण करतात. आम्ही विष घालतो, चिकट पुठ्ठे लावतो, आणि तुम्ही नागपूरच्या एका पांढऱ्या उंदरासाठी एवढे लिहिता? आक्षेप रास्त आहे. पीक वाचवणे ही आवश्यकता आहे, आणि कर्ज काढून धान लावणाऱ्याला शीलाचे प्रवचन देण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण आक्षेप जरा उलटा करून पाहावा. चिकट पुठ्ठ्यावर अडकलेला उंदीर तहानेने, धडपडीने, कित्येक तास मरत राहतो. प्रयोगशाळेतील काही सेकंदांची चिंता करणे योग्य असेल, तर हे तास मोजायला कोणी बसलेच नाही, एवढे तरी मान्य करावे लागेल. लाकडी सापळ्याची जोरदार कांब त्या मानाने बरी, आणि महागही नाही.

प्रयोगशाळेची गोष्ट आणखी एका कारणाने वेगळी ठरते. शेतातला उंदीर आपले आयुष्य आपण शोधतो. पिंजऱ्यातला उंदीर आपण जन्माला घालतो, आपल्या आजाराचे जनुक त्याच्या रक्तात ठेवतो, त्याला खाऊ घालतो, त्याच्या कानाला खूण करतो. तो पळत नाही, हातावर चढतो. त्याच्याशी आपला संबंध पाळणाऱ्याचा आहे.

आपल्या शाळेतून यंदा दहावी-बारावी होऊन विज्ञान शाखेकडे जाणाऱ्या मुला-मुलींसाठी काही गोष्टी येथे नोंदवून ठेवतो. पदवीच्या प्राणिशास्त्र वर्गात आता बेडूक कापावा लागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2011 पासून टप्प्याटप्प्याने विच्छेदन कमी करून पुढे ते थांबवले. त्यामुळे हा प्रसंग आला तर तो पुढे, संशोधनाच्या वा नोकरीच्या पहिल्या आठवड्यात येईल. त्या वेळी लाज वाटू देऊ नये. भूल देऊन मग मारता येईल का, हे विचारावे. प्रयोगाला भूल चालत नाही असे उत्तर आले, तर का चालत नाही हेही विचारावे. पहिली मान जाणत्याच्या देखरेखीखाली, मेलेल्या किंवा भुलीतल्या उंदराची असावी. नंतर छातीकडे पाहत थांबावे, श्वास थांबल्याची खात्री होईपर्यंत. उंदीर निपचित पडला म्हणून पाठ फिरवू नये. फसले तर लगेच दुसऱ्या उपायाने त्याची सुटका करावी आणि वहीत तारखेसह लिहावे. प्रयोगशाळेत अशी वही नसेल, तर दोनशे पानांची एक वही स्वतः विकत घेऊन ठेवावी.